लॅन्सलॉट अँड्रूज यांच्याविषयी काय लिहावे आणि कशाच्या आधारे

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो लगेच लक्षात येईल. २५ सप्टेंबर २०२६ रोजी बिशप लॅन्सलॉट अँड्रूज यांच्या निधनाला ४०० वर्षे होतात आणि त्या निमित्ताने आपल्या मंडळीच्या स्मरणिकेसाठी आपण त्यांच्यावर मराठीत लेख लिहीत आहात. एका ठिकाणी आपण वाचलेत की किंग जेम्स बायबल (जेम्स राजाच्या आज्ञेने झालेले इंग्रजी भाषांतर) त्यांनी ‘लिहिले’ आणि त्यांना वीसएक भाषा येत होत्या. दुसऱ्या ठिकाणी वाचलेत की ते राजाच्या मर्जीतले दरबारी होते आणि तुरुंगात खितपत पडलेल्या एका कैद्याशी ते अत्यंत निष्ठुरपणे बोलले. यांतले खरे कोणते मानावे, आणि त्यांच्या प्रवचनांतला एखादा उतारा मराठीत देता येईल का, असे आपण विचारले आहे.

गेली सुमारे तीस वर्षे मी सतराव्या शतकातले इंग्रजी गद्य शिकवतो आहे आणि त्यातले थोडेफार मराठीत आणण्याचा प्रयत्नही करतो आहे. माझ्या मते आपण वाचलेल्या दोन्ही बाजूंना आधार आहे, त्यामुळे त्यांतली एक निवडून दुसरी टाकून देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपली खरी अडचण वेगळी आहे. अँड्रूज यांच्याविषयीचे जवळजवळ सगळे किस्से कोणाच्या तरी तोंडून आलेले आहेत, आणि सांगणारा एक तर त्यांचा लेखनिक, विद्यार्थी किंवा चाहता होता, नाही तर त्यांच्यासारख्यांनी चालवलेल्या व्यवस्थेत भरडला गेलेला माणूस होता. प्रत्येक किश्शाच्या समासात ‘हे कोणी पाहिले?’ एवढेच लिहून त्याचे उत्तर शोधलेत, तर लेखाचे निम्मे काम तिथेच होईल. उरलेले निम्मे काम त्यांच्या प्रवचनांचे आणि प्रार्थनांचे आहे, कारण तिथे मध्ये दुसरा कोणी निवेदक नाही. यातले किती स्मरणिकेत घ्यायचे हे अर्थातच आपल्या वाचकांवर आणि पानांच्या संख्येवर अवलंबून आहे; दोन पानांचा लेख असेल तर मी किस्से कमी करीन आणि प्रवचनाचा उतारा मोठा ठेवीन.

ज्या बाबींवर वाद नाही त्या आधी उरकून घेऊ. अँड्रूज यांचा जन्म १५५५ मध्ये लंडनमध्ये, टॉवरजवळच्या ऑल हॅलोज बार्किंग या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, झाला. मेरी राणीच्या राजवटीत प्रॉटेस्टंटांना जाळण्यास सुरुवात झाली ते हेच वर्ष. वडील थॉमस हे दर्यावर्दी व्यापारी होते. मर्चंट टेलर्स शाळेत रिचर्ड मुलकॅस्टर या नामांकित मुख्याध्यापकांच्या हाताखाली शिकून १५७१ मध्ये ते केंब्रिजच्या पेम्ब्रोक हॉलमध्ये आले. कवी एडमंड स्पेन्सर हे त्याच शाळेतून त्याच कॉलेजात त्यांच्या थोडे आधी पोचले होते. १५८० मध्ये दीक्षा, १५८९ मध्ये लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेटचे पाळकपद आणि त्याच वर्षी पेम्ब्रोकचे प्रमुखपद, १६०१ मध्ये वेस्टमिन्स्टरचे डीन (तिथल्या ॲबे चर्चचे प्रमुख), मग १६०५ मध्ये चिचेस्टर, १६०९ मध्ये ईली आणि १६१९ मध्ये विंचेस्टर अशी तीन बिशपपदे. एलिझाबेथ, जेम्स आणि चार्ल्स अशा तिघांच्या कारकिर्दी त्यांनी पाहिल्या. लग्न केले नाही. निधन सदर्कमधल्या विंचेस्टर हाउसमध्ये झाले आणि त्यांची कबर आज सदर्क कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीजवळ आहे.

या सनावळीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. एलिझाबेथच्या काळात त्यांना सॉल्झबरी आणि ईली ही दोन बिशपपदे देऊ करण्यात आली होती आणि त्यांनी दोन्ही नाकारली, कारण त्या बदल्यात बिशपपदाच्या जमिनी-उत्पन्नातला वाटा राजसत्तेकडे वळवावा लागणार होता. त्यांना निव्वळ दरबारी म्हणणाऱ्यांनी या नकाराचा हिशेब द्यायला हवा. अर्थात त्यांना निव्वळ संत म्हणणाऱ्यांनाही असाच एक हिशेब द्यावा लागतो. त्याकडे पुढे येतो.

आता भाषांचा प्रश्न. सहा प्राचीन आणि पंधरा आधुनिक मिळून एकवीस भाषा, ही संख्या त्यांना मानणाऱ्यांच्या वर्तुळातून आलेली आहे. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू त्यांना उत्तम येत होत्या याला त्यांचे लेखनच पुरावा आहे. अरामी आणि सिरियाक यांचा अभ्यासही त्या काळच्या हिब्रू पंडिताला आवश्यक होता. मात्र पंधरा आधुनिक भाषा ‘येत होत्या’ म्हणजे नेमके काय, वाचता येत होत्या की बोलता, हे त्या संख्येवरून कळत नाही. म्हणून मी संख्येऐवजी पद्धत सांगतो. त्यांचे लेखनिक हेन्री आयझॅकसन यांनी लिहून ठेवले आहे की केंब्रिजला असताना अँड्रूज दरवर्षी ईस्टरच्या आधीचे आणि नंतरचे दोन दोन आठवडे लंडनला आईवडिलांकडे येत, आणि त्या महिन्यासाठी वडिलांनी आधीच एक शिक्षक ठरवून ठेवलेला असे, जो त्यांना अद्याप न येणारी एखादी भाषा किंवा विद्या शिकवी. केंब्रिज ते लंडन हा प्रवास ते तरुणपणी पायी करत असत. सुटीत घरी आलेला हा मुलगा शिकवणी लावून बसतो, हे चित्र ‘एकवीस’ या आकड्यापेक्षा वाचकाच्या लक्षात राहते, आणि ते सांगणारा माणूस त्यांच्या घरात वावरलेला आहे.

आणखी दोन साक्षी मला विश्वासार्ह वाटतात. एक जॉन हॅकेट यांची. ते वेस्टमिन्स्टर शाळेचे विद्यार्थी होते आणि पुढे स्वतः बिशप झाले. डीन अँड्रूज मोठ्या मुलांना रात्री आठपासून अकरापर्यंत आपल्या घरी बोलावून ग्रीक आणि हिब्रू शिकवत, आणि चिझिकला फिरायला जाताना दोन मुलांना बरोबर घेऊन वाटेत धडे देत, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. दुसरी साक्ष आयझॅक कॅसोबाँ यांची. हे युरोपभर गाजलेले ग्रीक पंडित फ्रान्समधून १६१० मध्ये इंग्लंडला आले आणि पुढच्याच वर्षी अँड्रूज यांच्याबरोबर ईलीला जाऊन राहिले. त्यांनी आपल्या लॅटिन रोजनिशीत अँड्रूज यांच्या विद्वत्तेविषयी आदराने लिहिले आहे. परक्या देशातल्या तोलामोलाच्या विद्वानाने खासगी वहीत केलेली प्रशंसा आणि अंत्यविधीच्या वेळी व्यासपीठावरून झालेली प्रशंसा यांचे वजन सारखे नसते. जाता जाता सांगतो, दुपारच्या आत भेटायला येणारा माणूस खरा अभ्यासू नसावा, अशी अँड्रूज यांची तक्रार असे. कार्यालयीन वेळेत लेखन करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ती कळेल.

किंग जेम्स बायबलविषयी आपल्या मसुद्यातले ‘लिहिले’ हे क्रियापद मात्र बदलावेच लागेल. जेम्स राजाने १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात बोलावलेल्या धर्मपरिषदेनंतर भाषांतरासाठी सहा गट नेमले गेले, वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज इथे प्रत्येकी दोन. अँड्रूज हे वेस्टमिन्स्टरच्या पहिल्या गटाचे प्रमुख होते आणि त्या गटाकडे उत्पत्तीपासून दुसऱ्या राजांपर्यंतची बारा पुस्तके होती. त्यांच्या गटात अरबीचे जाणकार विल्यम बेडवेल होते, मूळचे नेदरलँड्सकडचे वयोवृद्ध हेड्रियन सराव्हिया होते, पुढे बिशप झालेले जॉन ओव्हरॉल होते. नियम असा होता की प्रत्येकाने नेमून दिलेला अध्याय आधी स्वतंत्रपणे करायचा, मग सर्वांनी एकत्र बसून कोणता पाठ ठेवायचा ते ठरवायचे, आणि नंतर तो मजकूर इतर गटांकडेही पाठवायचा. त्या काळचे विद्वान कायदेपंडित जॉन सेल्डन यांनी या बैठकांचे वर्णन केले आहे: एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी मूळ भाषांतली किंवा फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन अशा भाषांतली बायबले हातात धरून ऐकायचे, खटकले तर बोलायचे, नाही तर वाचणाऱ्याने पुढे जायचे. अशा पद्धतीत एखादे वाक्य एकट्या अँड्रूज यांचे, असे म्हणता येत नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लेखात मी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातल्या ‘प्रकाश होवो’ या इंग्रजी वाक्याची लय अँड्रूज यांची म्हणून तिचे मनसोक्त कौतुक केले. पंधरा दिवसांनी एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. त्यावर विल्यम टिंडल यांच्या १५३० च्या भाषांतरातले तेच वाक्य उतरवलेले होते आणि खाली फक्त ‘कृपया पाहावे’ एवढेच लिहिले होते. टिंडल यांना १५३६ मध्ये गळा आवळून मारून जाळण्यात आले, आणि ज्यांच्या शब्दांवर अँड्रूज यांच्या गटाने पुढे हात फिरवला त्यांत टिंडल यांचा वाटा फार मोठा आहे. ते पोस्टकार्ड मी जपून ठेवले आहे.

अँड्रूज यांचे श्रेय कमी करावे असे मात्र मी म्हणत नाही. गट चालवणे हेही कष्टाचेच काम असते. नोव्हेंबर १६०४ मधले त्यांचे एक पत्र उपलब्ध आहे, पुराणवस्तूंच्या अभ्यासकांच्या मंडळाच्या चिटणिसांना लिहिलेले. आज दुपारी आमची भाषांतराची बैठक आहे आणि आमच्यातले बहुतेक जण हयगय करतात, नाही तर मी आलो असतो, असा त्याचा आशय आहे. जगातल्या एका अतिप्रसिद्ध भाषांतराच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच गटप्रमुखाला सभासदांच्या गैरहजेरीची कुरकुर करावी लागत होती! मराठीत पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल अनुवादण्याचे काम आपल्या हिमतीवर तडीस नेले. तो मार्ग वेगळा आणि त्याचे कष्टही वेगळे. आपल्या वाचकांना ही तुलना एका वाक्यात द्यायला हरकत नाही. त्याच ओघात हेही सांगता येईल की अँड्रूज यांच्या वाट्याला आलेल्या बारा पुस्तकांपैकी पाचव्याचे मराठी नावच ‘अनुवाद’ असे आहे, म्हणजे आधी सांगितलेले पुन्हा सांगणे, आणि इंग्रजी बायबलच्या बाबतीत त्या गटाने नेमके तेच केले.

आता त्या कैद्याची गोष्ट. ती खरी आहे, पण पूर्ण सांगितली पाहिजे. १५९० मध्ये लंडनच्या बिशपांच्या वतीने अनेक पाळकांना तुरुंगातल्या फुटीर मताच्या कैद्यांशी चर्चा करून त्यांचे मन वळवायला पाठवले जात होते. राष्ट्रीय चर्चपासून वेगळे झाले पाहिजे असे या कैद्यांचे मत होते. अँड्रूज यांच्या वाट्याला फ्लीट तुरुंगातले कैदी हेन्री बॅरो आले. बॅरो यांनी दीर्घ एकांतवासाची तक्रार केली, तेव्हा अँड्रूज म्हणाले की याबाबत तुम्ही भाग्यवानच आहात, एकांतातले चिंतनाचे जीवन मला सर्वांत धन्य वाटते आणि निवड करायची झाली तर मी तेच निवडीन. त्यावर बॅरो यांचे उत्तर असे की तुम्ही तत्त्वज्ञासारखे बोलता, ख्रिस्ती माणसासारखे नाही. तीन वर्षांनी, एप्रिल १५९३ मध्ये, बॅरो यांना लंडनच्या टायबर्न या वधस्थळी फाशी देण्यात आले.

हे कोणी पाहिले? इथे साक्षीदार स्वतः बॅरो आहेत. या भेटींचे वृत्तान्त कैद्यांनी आपल्या बाजूने लिहून चोरून छापवून घेतले. म्हणून कोणी म्हणेल की ते एकतर्फी आहेत, आणि ते आहेतच. पण मला हा संवाद बनावट वाटत नाही, याचे कारण त्यातले अँड्रूज यांचे वाक्य त्यांच्या एरवीच्या स्वभावाशी तंतोतंत जुळते. सकाळच्या वेळी कोणी दार ठोठावू नये म्हणून धडपडणाऱ्या अभ्यासकाला एकांत हे सुखच वाटणार. त्यांनी टोमणा मारला असे मी मानत नाही. ते मनापासून बोलले असावेत, आणि माझ्या दृष्टीने तीच गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. निवडलेली खोली आणि बाहेरून कुलूप घातलेली खोली यांतला फरक इतक्या बुद्धिमान माणसाला त्या क्षणी दिसला नाही.

आणखी दोन गोष्टी याच रकान्यात येतात. १६०३ च्या भयंकर प्लेगच्या वेळी सेंट जाइल्सचे पाळकपद त्यांच्याकडे होते, पण ऑगस्टमध्ये ते शहराबाहेर चिझिकला होते आणि प्लेगविषयीचे त्यांचे प्रसिद्ध प्रवचन तिथले आहे. डीन म्हणून वेस्टमिन्स्टर शाळेची जबाबदारीही त्यांच्यावर होती, हे खरे. तरीही त्यांच्या अनुपस्थितीवर तेव्हाही टीका झाली. दुसरी गोष्ट १६१३ ची. राजाच्या मर्जीतल्या माणसाशी लग्न करता यावे म्हणून फ्रान्सेस हॉवर्ड यांचा एसेक्सच्या अर्लशी झालेला विवाह रद्द ठरवावा, अशी राजाची इच्छा होती. चौकशी मंडळाने सात विरुद्ध पाच मतांनी तसा निर्णय दिला. आर्चबिशप ॲबट विरोधी पाचांत होते आणि अँड्रूज सातांत. लेखात यांपैकी एकच घ्यायची असेल तर मी ही घेईन, कारण इथे कोणाच्या आठवणीवर विसंबावे लागत नाही.

याच्या उलट बाजूला एक गमतीदार किस्सा ठेवला जातो. संसदेला न विचारता प्रजेचे पैसे घेता येतील का, असे जेम्स राजाने जेवणाच्या वेळी दोन बिशपांना विचारले. डरहमचे बिशप नील म्हणाले, महाराज, का नाही, आपण तर आमच्या नाकपुड्यांतला श्वास आहात. अँड्रूज यांनी संसदेच्या बाबी आपल्याला समजत नाहीत असे सांगून सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला. राजाने आग्रह धरला तेव्हा ते उत्तरले, ‘माझे बंधू नील यांचे पैसे महाराजांनी खुशाल घ्यावेत, ते स्वतःच देऊ करत आहेत.’ हा किस्सा कवी एडमंड वॉलर यांनी तरुणपणी ऐकला असे सांगतात, पण तो छापला गेला तो वॉलर यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे घटनेनंतर कित्येक दशकांनी. तो अवश्य द्यावा, मात्र ‘असे सांगतात’ या दोन शब्दांसह.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: भाषांच्या संख्येऐवजी शिकण्याची पद्धत द्या, ‘लिहिले’च्या जागी ‘एका गटाचे नेतृत्व केले’ असे लिहा, बॅरो यांचा संवाद त्यांच्या नावानिशी द्या, आणि १६१३ चा निर्णय वगळू नका. आता प्रवचनांकडे वळू, कारण अँड्रूज आज वाचले जातात ते त्यांच्यामुळे.

व्हाइटहॉलच्या राजवाड्यात जेम्स राजासमोर त्यांनी नाताळची सतरा प्रवचने केली. त्यांच्या मृत्यूनंतर चार्ल्स राजाच्या आज्ञेने विल्यम लॉड आणि जॉन बकरिज या दोन बिशपांनी त्यांच्या कागदपत्रांतून शहाण्णव प्रवचने निवडून १६२९ मध्ये प्रसिद्ध केली. ही प्रवचने पहिल्यांदा वाचताना विद्यार्थी बिचकतात. पवित्र शास्त्रातले एखादेच वचन घ्यायचे, त्याचे शब्द सुटे करायचे, प्रत्येक शब्द लॅटिनमध्ये, ग्रीकमध्ये, हिब्रूमध्ये उलटून पाहायचा, आणि मग ते सगळे पुन्हा जोडायचे, अशी त्यांची रीत आहे. मी वर्गात सांगतो की कीर्तनकार एकाच अभंगाचे चरण धरून निरूपण करतो ते आठवा, म्हणजे हे परके वाटणार नाही. वाक्येही लहान, तुटक, एकावर एक येणारी. कानाने ऐकण्यासाठी रचलेली.

उदाहरणासाठी १६२२ च्या नाताळचे प्रवचन घ्या, बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांवरचे, म्हणजे ज्ञानी पुरुषांवरचे. त्यांच्या प्रवासाचे वर्णन करताना अँड्रूज सांगतात की येणे थंडीतले, प्रवासाला वर्षातला सर्वांत वाईट काळ, रस्ते चिखलात रुतलेले, हवा बोचरी, दिवस लहान, सूर्य सर्वांत दूर गेलेला, ऐन हिवाळा. टी. एस. एलियट यांनी १९२७ मधल्या आपल्या मागींवरच्या कवितेची सुरुवात याच ओळींवरून केली, त्यामुळे हा उतारा बहुतेकांना ठाऊक असतो. पण माझ्या मते त्याच्यापुढचा भाग अधिक टोकदार आहे. अँड्रूज समोरच्या दरबाराकडे वळून म्हणतात, आपण काय केले असते? अशा वेळी असला प्रवास? छे, वसंतापर्यंत पुढे ढकलला असता, दिवस मोठे होईपर्यंत, रस्ते बरे होईपर्यंत, हवा उबदार होईपर्यंत. हे ऐकणारे श्रोते राजवाड्यात शेकोटीच्या उबेत नाताळ साजरा करायला जमलेले होते, आणि बोलणारा त्यांच्याच पगारी पदांवर बसलेला होता. त्यांना दरबारी ठरवण्यापूर्वी हा भाग वाचावा.

आता भाषांतराविषयी. गद्यलय मराठीत आणता येते, तुटक वाक्ये आपल्याकडेही शोभतात. खरी अडचण शब्दखेळांची आहे, कारण अँड्रूज यांचा विचारच शब्दांच्या सांध्यांतून चालतो. १६१४ च्या प्रवचनात ते ‘इम्मानुएल’ या हिब्रू नावाची फोड करतात: ‘इम्मानु’ म्हणजे आम्हांबरोबर, ‘एल’ म्हणजे देव. मग ते म्हणतात की देव आपल्याबरोबर नसेल तर उरते ते ‘इम्मानु-हेल’, आणि ‘हेल’ म्हणजे इंग्रजीत नरक. एका अक्षराच्या फरकाने स्वर्गाचा नरक होतो. मराठीत मी नाना प्रयोग करून पाहिले आणि शेवटी हार मानली. ‘हेल’ तसेच ठेवून पुढच्याच अर्ध्या वाक्यात त्याचा अर्थ सांगितला. कोटीचे स्पष्टीकरण केले की कोटी मरते हे मान्य आहे, पण इथे निदान विचार तरी वाचतो.

दुसरे उदाहरण याहून सुंदर आणि याहून अवघड आहे. लॅटिनमध्ये ‘इन्फान्स’ म्हणजे तान्हे बाळ, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘ज्याला बोलता येत नाही ते’. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताला ‘शब्द’ म्हटले आहे. अँड्रूज नाताळच्या दिवशी या दोन्ही गोष्टी समोरासमोर आणतात: शब्द, आणि त्यालाच एक शब्द बोलता येऊ नये! मराठीत यासाठी एक जोडी आयती मिळते, ‘बोल’ आणि ‘अबोल’. ‘अनादी बोल, आणि तोच अबोल’ असे मी पहिल्या खर्ड्यात लिहिले आणि स्वतःवरच खूश झालो. दुसऱ्या दिवशी वाचताना लक्षात आले की आपल्या पवित्र शास्त्रात ‘प्रारंभी शब्द होता’ असे आहे. चर्चमध्ये वाढलेल्या वाचकाच्या कानात ‘शब्द’ हाच शब्द रुजलेला आहे आणि ‘बोल’ म्हटल्यावर त्याला योहान आठवणारच नाही. कोटी साधली, पण ज्या वचनावर ती उभी आहे तेच निसटले. शेवटी ‘जो प्रारंभीचा शब्द, तो एक शब्दही बोलू शकत नाही, असा अबोल’ अशी तडजोड केली. आपली स्मरणिका मंडळीतल्या वाचकांसाठी आहे, म्हणून आपणही ‘शब्द’ सोडू नये असे मी सुचवीन. सर्वसामान्य वाङ्मयीन मासिकासाठी लिहीत असता तर कदाचित ‘बोल’ चालून गेले असते.

त्यांच्या वादग्रंथांवर स्मरणिकेत वेळ घालवू नका. एवढे पुरे की राजनिष्ठेच्या शपथेवरून रोमन कॅथलिक चर्चचे कार्डिनल बेलार्मिन यांनी टॉर्टस या नावाने जेम्स राजावर टीका केली आणि अँड्रूज यांनी राजाच्या वतीने १६०९ मध्ये लॅटिनमध्ये उत्तर दिले. ‘टॉर्टस’चा अर्थ ‘पिळलेला’ असल्याने ग्रंथाच्या नावातही त्यांनी टॉर्टसला पिळून घेतले. मात्र त्यांचे एक सूत्र जरूर द्या, कारण इंग्लंडचे चर्च रोमपासून वेगळे होऊनही स्वतःला प्राचीन चर्चचाच भाग का समजत होते, हे त्यात मावले आहे: एक प्रमाणग्रंथ, दोन करार, तीन मतांगीकार (श्रद्धेची संक्षिप्त विधाने), चार सार्वत्रिक परिषदा, आणि पहिली पाच शतके व त्यांतले धर्मपिते. हे वाक्य मराठीत जवळजवळ आपोआप येते.

उतारा म्हणून प्रवचनाऐवजी प्रार्थना द्यायची असेल तर ते काम तुलनेने सोपे आहे. अँड्रूज यांनी स्वतःच्या रोजच्या वापरासाठी ग्रीक, लॅटिन आणि हिब्रूमध्ये प्रार्थना लिहून ठेवल्या होत्या; छापण्याचा हेतू नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये रिचर्ड ड्रेक यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि हस्तलिखित हाताळून मळलेले, अश्रूंनी भिजलेले होते असे सांगितले. अश्रूंचा भाग मी ड्रेक यांच्यावर सोडतो. या प्रार्थनांची वीण मात्र पाहण्यासारखी आहे: त्या स्तोत्रांतल्या, संदेष्ट्यांच्या आणि पत्रांतल्या वचनांचे तुकडे जोडून केलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचे भाषांतर करताना कोश उघडण्यापेक्षा मराठी पवित्र शास्त्र उघडून ती ती वचने शोधावीत आणि आपल्या मंडळीत जे भाषांतर वाचले जाते त्यातूनच ती उचलावीत. एका पानासाठी मला दोन आठवडे लागले, पण जे उतरले ते परके वाटले नाही.

त्यातही आपल्याला उपयोगी असा एक भाग आहे. मध्यस्थीच्या प्रार्थनेत ते ज्या ज्या ठिकाणांशी आपला संबंध आला त्यांची नावे एकाखाली एक घेतात: जन्माची पॅरिश, शिकलेल्या शाळा, पेम्ब्रोक, सेंट जाइल्स, वेस्टमिन्स्टर, चिचेस्टर, ईली. लेखाच्या शेवटी जीवनपटाची चौकट टाकणार असल्याचे आपण लिहिले आहे. सनावळीऐवजी तिथे हीच यादी छापा आणि प्रत्येक नावापुढे कंसात साल घाला.